वन्संचा पानांचा वाडगा

आमच्या वन्संच्या हातून आजवर कुणाच्याही घरी रिकामं भांडं गेलेलं नाही, आणि त्यांच्या घरातून कुणी रिकाम्या हातानं बाहेर पडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. त्यांच्याकडे चोर शिरला असता तर त्यालाही दारात अडवून त्या म्हणाल्या असत्या, "थांब रे, नुसता जाऊ नकोस," आणि हातावर निदान गुळाचा खडा ठेवला असता. गॅस सिलिंडरवाला, मीटर बघायला येणारा माणूस, लग्नाची पत्रिका द्यायला चप्पलही न काढता दारातच उभा राहिलेला लांबचा भाचा, सगळे त्यांच्याकडून काही ना काही तोंडात टाकूनच जिना उतरतात. एकदा चुकीचा पत्ता घेऊन एक मुलगी कुणा भलत्याच बाईंचं पार्सल द्यायला आली, तिलाही त्यांनी पोहे खायला लावले. वर पार्सल ज्यांचं होतं त्या बाईंसाठी डबा भरून दिला. "आपल्या दारावरून गेलंय ना ते, मग?" हे त्यांचं म्हणणं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मी सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच शिकले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जन्म मालवणच्या बाजूचा, वडील गिरणीत, लग्न झाल्यापासून मुक्काम मुलुंड पूर्वेला. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, एका विंगमध्ये त्यांचं सोडून बारा घरं, आणि त्या बाराही घरांत वन्संचा मुक्त संचार. आम्ही भांडुपला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक नव्या छंदाचा पहिला फटका मलाच. मला स्वतःला शोभेच्या वस्तूंचा मनस्वी राग आहे. शोभेची वस्तू म्हणजे धुळीला बसायला दिलेला पाट, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी वन्संना तोंडावर सांगितलेलं आहे. त्याचा परिणाम इतकाच, की दोरीचं घुबड, मण्यांचा गणपती, आईस्क्रीमच्या काड्यांची होडी आणि लोकरीचं आवरण घातलेला टेलिफोन (घरात टेलिफोन नव्हता, आवरणासाठी त्यांनी कुठून तरी जुना मिळवला) हे सगळं माझ्या शोकेसमध्ये क्रमाक्रमानं येत गेलं. नवरा म्हणतो, "असू दे गं, ताईचं आहे." धूळ पुसायची वेळ आली की मात्र ती ताई माझी.

तर गेल्या वर्षी त्यांच्या इमारतीच्या रीडेव्हलपमेंटचं नक्की झालं. वीस वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या, त्यामुळे होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. आणि एक दिवस बिल्डरची माणसं खरोखरच टेप घेऊन आली. चार महिन्यांत जागा खाली करायची. बारा घरांच्या बारा वाटा. कुणी ठाण्याला, कुणी मुलाकडे पुण्याला. वन्संना कांदिवलीला भाड्याची जागा मिळाली आणि त्यांच्या समोरच्या दारातल्या बाईंना चेंबूरला. या समोरच्या बाईंना वन्सं 'समोरची' एवढंच म्हणतात, आणि त्या वन्संनाही 'समोरची'च म्हणतात. माहेर समुद्रावरच्या कोळीवाड्यातलं, आवाज खणखणीत, मासळीतलं त्यांना जितकं कळतं तितकं मला माझ्या नवऱ्यातलं कळत नाही. या दोन दारांमधून तीस वर्षं एक स्टीलची वाटी ये-जा करत होती. इकडून भरून गेली की तिकडून भरून यायची. तिच्यावर घातलेलं नाव घासून घासून पुसलं गेलंय आणि वाटी मुळात कुणाची हे आता दोघींनाही सांगता येत नाही.

जागा सोडायचं नक्की झाल्यावर वन्सं दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही एकशे चार तापापेक्षा गंभीर गोष्ट. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. "बारा घरांत माझी एकेक वस्तू जायला हवी. माणसं एकदा उठली की विसरतात गं. घरात वस्तू असली तर निदान पुसताना तरी नाव घेतील."

मी म्हटलं, "शिव्या घालताना."

"घालू देत! आठवण ती आठवण."

आणि त्यांनी मला मोबाईलवर आलेला एक व्हिडिओ पाठवला. फुगा फुगवायचा, त्याच्यावर कापडी पानं गोंदानं चिकटवायची, वाळलं की फुगा फोडायचा, की झाला पानांचा वाडगा. व्हिडिओतली बाई हे सगळं तीन मिनिटांत हसत हसत करते. वन्संच्या घरी ते दीड महिना चाललं होतं आणि हसत कुणीच नव्हतं.

पहिला प्रश्न पानांचा. विकत आणणं वन्संच्या तत्त्वात बसत नाही. पण थर्माकोल बंद झाल्यापासून मुंबईत ज्याच्या घरी गणपती, त्याच्या माळ्यावर खोट्या वेलींचं एक तरी गाठोडं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी आख्ख्या विंगचे माळे उतरवले. मग माझ्याकडे आल्या. "तुझ्याकडे ती हिरवी वेल पडलीय ना?" मी म्हटलं, पडलेली नाही, दाराला तोरण म्हणून लावलीय. त्यांनी पर्समधून कात्री काढली. मी चहा टाकून येईपर्यंत तोरणाचा नुसता दोरा राहिला होता आणि त्याला दोन घुंगरू. "बघ, दार कसं मोकळं वाटतं आता!" असं म्हणून त्यांनी चहा घेतला. जाताना पानांच्या पिशवीच्या बदल्यात माझ्या हातात ओल्या नारळाच्या चार वड्या ठेवल्या. नुसतं कसं न्यायचं?

माळ्यावर पडून ती पानं चुरगळलेली, म्हणून एकेक पान इस्त्री करायचं. पहिल्याच दिवशी इस्त्री जरा जास्त तापली, पान वितळून तिच्या बुडाला बसलं आणि अण्णांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर अख्खं उमटलं, देठासकट. अण्णा म्हणजे वन्संचे यजमान. हा माणूस संत आहे. तो शर्ट घालून ते बँकेत पेन्शनच्या कामाला जाऊन आले आणि कुणी काही विचारलं नाही, असं समाधानानं सांगत होते. फुगे फुगवायचं कामही त्यांचंच. "डॉक्टरांनी फुप्फुसांचा व्यायाम सांगितलाच आहे," हा वन्संचा हिशेब. बाराही फुगे एका मापाचे हवेत, म्हणून वन्सं सुतळी घेऊन शेजारी बसायच्या. "अजून. अजून. बास! थोडी सोडा. अहो, थोडी म्हटलं मी!" अण्णांचे गाल आणि फुगा यांतलं आधी काय फुटेल, अशी मला भीती वाटायची. मग फुगा पातेल्यावर उताणा बसवायचा, त्याला तेलाचा हात लावायचा, ब्रशनं गोंद फासायचा आणि गावी कौलं लावतात तशी एकावर एक पानं लावत यायचं. एक थर वाळला की दुसरा. पंखा बंद, कारण फुगा हलतो. मे महिन्यात त्या घरात पंखा बंद! अण्णा गॅलरीत बनियनवर बसून पेपरनं वारा घ्यायचे.

पहिल्या वाडग्याच्या वेळी वाळता वाळताच फुग्यातली हवा कमी झाली आणि वाडगा एका बाजूनं गाल बसल्यासारखा निघाला. मी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "तसाच करायचा होता." दुसऱ्याला तळाशी भोक. "हवा खेळती राहते." तिसऱ्यापासून मात्र हात बसला, हे मला मान्य करायलाच हवं. कडेला पानांची टोकं वर आलेली, आतून गोंदाचा झिलईसारखा हात, खिडकीतल्या उजेडात धरलं तर शिरा दिसायच्या. मी शोभेच्या वस्तूंची वैरी, पण मीही एक हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिला. वन्सं माझ्याकडे बघत होत्या, म्हणून लगेच खाली ठेवला. फुगा फोडताना मात्र फाट्कन असा आवाज व्हायचा, की तळमजल्यावरचे सेक्रेटरी दोनदा वर पळत आले. त्यांना वाटलं बिल्डरनं मुदतीआधीच पाडायला सुरुवात केली.

शेवटी बारा घरांचे बारा आणि तेरावा माझा असे वाडगे तयार झाले. वन्संनी प्रत्येकात दोन रव्याचे लाडू घातले, कारण रिकामं भांडं त्या कशा देतील? आणि स्वतः जिने चढत-उतरत घरोघर जाऊन दिले. देताना एक अक्षर बोलल्या नाहीत. "हे तुम्हाला ठेवायला" असं सांगून देणं त्यांना भिकारपणाचं वाटतं. देणाऱ्यानं सांगायचं नसतं, घेणाऱ्याला कळतं.

घेणाऱ्यांना काय कळलं, ते आठ दिवसांत दिसलं. बाराच्या बारा वाडगे परत आले. आणि भरून! पहिल्या मजल्यावरून चिवडा आला. शेजारून चार पेरू. संकष्टीचा उपास होता म्हणून वरच्या आजींकडून साबुदाण्याची खिचडी, अगदी गरम, त्या वाफेनं तळाची तीन पानं सुटली. समोरचीनं तर कमाल केली. आत कागद घालून तळलेले बोंबील पाठवले. झकास होते म्हणे, पण कापडी पानात तो वास जो मुरला तो गेला नाही, आणि वाडगा धुवावा तर गोंद विरघळतो. वन्संनी तो तीन दिवस गॅलरीत उन्हात ठेवला. आख्ख्या इमारतीतली मांजरं त्याच्यासमोर बैठक मारून बसलेली अण्णांनी मोजून पाहिली, सात होती.

मी गेले तेव्हा हॉलमध्ये जमिनीवर बारा वाडगे ओळीनं मांडलेले आणि मधोमध वन्सं. मी हसायलाच लागले. त्या हसल्या नाहीत.

"एकानं ठेवून घेतला नाही गो," त्या म्हणाल्या. "एकानं. तीस वर्षं काढली मी हयसर. कोणाक नको झाला काय माझा?"

वन्सं मालवणीवर आल्या म्हणजे एक तर खूप रागावलेल्या असतात नाही तर खूप दुखावलेल्या. माझं हसू जागच्या जागी विरलं. कारण माझ्या पिशवीत तेरावा वाडगा होता. मीही तो परत द्यायलाच आणला होता, त्यात शिरा घालून, आणि तुपाचे डाग पार बाहेरपर्यंत आले होते. लाडू खाल्ले, आता वन्संचं भांडं परत द्यायला हवं, नुसतं कसं द्यायचं, म्हणून सकाळी उठून मी रवा भाजला होता. त्या क्षणी मला सगळं कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"वन्सं," मी म्हटलं, "कुणाला नको झालेलं नाही. तुम्ही त्यात लाडू घातलेत ना, म्हणून ते भांडं झालं. दुसऱ्याचं भांडं कोण ठेवून घेईल? तुम्ही ठेवाल? आणि परत देताना रिकामं कोण देईल? तुम्ही द्याल?"

त्यांनी बोंबलाचा वाडगा जवळ ओढला.

"आता रिकामे नेऊन द्या. म्हणजे कळेल सगळ्यांना, की ही शोभेची वस्तू आहे."

"रिकामा?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना साडी न नेसता खाली जायला सांगितलंय. "रिकामा भांडा देऊ मी? लोकांच्या घरात? माझी आवस वरसून बघता हा माका! तुका काय कळता?" (आवस म्हणजे त्यांची आई.)

मीही चिडले. म्हटलं, मग बसा लाडू-चिवडा खेळत, जागा खाली करायची वेळ येईपर्यंत. अण्णांनी आतून मध्यस्थी म्हणून दोन कप चहा आणला. आम्ही दोघी तोंडं फिरवून तो प्यायलो.

पुढचे चार दिवस वन्संनी विचार केला. पाचव्या दिवशी त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात दंडवत घातला. त्यांनी सगळे वाडगे डागडुजी करून नीट केले आणि प्रत्येकाच्या तळाला एक-एक सुपारी चिकटवून टाकली. खरी, अख्खी, पूजेची सुपारी. आणि गोंद साधा नव्हे. अण्णा चपलेचा अंगठा चिकटवायला जो वापरतात तो. म्हणजे भांडं रिकामं नाही, आणि त्यातलं काढून घ्यायचं म्हटलं तरी निघणार नाही. निघत नाही म्हणजे वाडगा मोकळा होत नाही, आणि मोकळा होत नाही म्हणजे परत देता येत नाही. "आता काय करशात?" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी सगळ्यांना पुन्हा वाटले. लोकांनी प्रयत्न केले. माझ्या नवऱ्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला, तो मी काढून घेतला. समोरचीनं उलथनं वाकवलं. पण या वेळी एकही वाडगा परत आला नाही. माणसं ट्रक बोलावून एकेक करून गेली आणि बाराही वाडगे बारा वाटांनी गेले. वन्सं प्रत्येक ट्रकजवळ जाऊन चौकशी करायच्या, "काचेचं सामान कुठं ठेवलंय? आणि ते पानांचं?" कुणी मांडीवर घेऊन बसलेलं दिसलं की परत वर येऊन अण्णांना सांगायच्या. समोरचीचा ट्रक सर्वांत शेवटी गेला. त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी मुद्दामच वर थांबले होते. वरून एवढंच दिसलं, की ती स्टीलची वाटी कुणी न्यायची यावर दोघींचं भांडण चाललंय.

नंतर आमचं जाणं जरा कमी झालं. मुलुंड जवळ होतं. कांदिवली म्हणजे लिंक रोडनं बस, पुढे रिक्षा, आणि रविवार संपला. चार महिन्यांनी मी एकटीच गेले. टॉवरची जागा, चकाचक, तेराव्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर पडले तर लांबच लांब पॅसेजमध्ये आठ दारं, आठही बंद, आणि प्रत्येकावर आतून बघायचं भिंग. वन्संनी बेल वाजायच्या आत दार उघडलं. मला म्हणाल्या, लिफ्टचा आवाज आला की मी बघते.

पोहे झाले, चहा झाला. बोलणं मात्र कमी झालं होतं. मी विचारलं, शेजारी कसे आहेत? "चांगले असतील," वन्सं म्हणाल्या. आल्या आल्या त्यांनी आठही घरांत खोबऱ्याच्या वड्या दिल्या होत्या. सगळ्यांनी थँक्यू म्हटलं. सात जणांकडे डबे राहिले ते राहिलेच, आठव्या घरचा रिकामा डबा वॉचमनच्या हातानं आला, स्वच्छ धुऊन. हे सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही, आणि तेच मला बघवेना.

मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकलंच गं माझं. ती सुपारी चिकटवायला नको होती."

"का? सगळ्यांनी ठेवले ना वाडगे? तुम्हाला तेच हवं होतं."

"ठेवले ना. म्हणूनच तर. परत द्यायला म्हणून तरी कुणी आलं असतं."

अण्णांनी टीव्हीचा आवाज उगाचच वाढवला.

घरी आले आणि शोकेस उघडली. घुबड, होडी, टेलिफोन आणि पुढे तुपाचे डाग पडलेला तो वाडगा. चार महिन्यांत मी तो खरंच दर आठवड्याला पुसला होता आणि दर वेळी वन्संचं नाव घेतलं होतं. बहुतेक वेळा रागानं. त्या रात्री नवऱ्याला सांगितलं, पुढच्या रविवारी मी कांदिवलीला जाणार. तो म्हणाला, "आत्ताच तर जाऊन आलीस!" म्हटलं, भांडं राहिलंय त्यांचं आपल्याकडे.

रविवारी सुपारीच्या भोवतीनं बेसनाचे लाडू रचले आणि वाडगा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. वन्संनी दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग वाडग्याकडे.

"हे काय? परत कशाला आणलास?"

"तुमचं भांडं आहे ना. किती दिवस ठेवून घेऊ?"

वन्संनी वाडगा घेतला, लाडू डब्यात काढले, आणि स्वयंपाकघरात एकेक झाकण उघडून बघायला लागल्या. माझी परतीची बस चुकणार हे मला दिसत होतं. मी घड्याळ दाखवलं. "थांब गं पाच मिनिटं," त्या आतून ओरडल्या, "नुसता नेतंस काय?" आणि कढई गॅसवर चढवल्याचा आवाज आला. तो जुना, मुलुंडचा आवाज होता. मग मी चपला परत काढल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी समोरचीला फोन लावला आणि माझ्यासमोरच विचारलं, माझा वाडगा परत द्यायची काही लाज आहे की नाही? समोरची पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या, की मला सोफ्यावर ऐकू येत होतं. त्या म्हणत होत्या, अगो, सुपारी निघंना म्हणून थांबले होते, आता सुपारीसकट आणते, आणि बोंबील खाशील ना?

आता तो माझा वाडगा महिन्यातून एकदा भांडुपहून कांदिवलीला जातो आणि एकदा तिकडून इकडे येतो. कडेची पानं सुटायला लागली आहेत. मी दोनदा गोंद लावला, माझा हात वन्संसारखा नाही. वन्संचेही गुडघे आता बोलतात, त्यामुळे त्यांची पाळी असली की अण्णा एकटेच येतात, वाडगा पिशवीत घालून, पाठीवर हिरवं पान उमटलेला तो शर्ट घालून. किती फेऱ्या चालेल सांगता येत नाही. या रविवारी माझी पाळी आहे. काय न्यायचं ते अजून ठरलेलं नाही, पण रवा आणून ठेवलाय.